जीप एकच आहे

“खराशो,” असा एक जाडजूड, खाणीतून वर आल्यासारखा आवाज कित्येक वर्षांपूर्वी भिलाईच्या सेक्टर सहाच्या मैदानावर उमटला आणि विद्याधर भुसारींच्या डोक्यात जो शिरला तो आजतागायत बाहेर आला नाही. आवाज इगोर साहेबांचा होता. प्लांटमध्ये यंत्रं बसवायला आलेल्या रशियन मंडळींपैकी ते एक. महाराष्ट्र मंडळ विरुद्ध बाकी सेक्टर असा सामना चालला होता आणि बाकी सेक्टरला एक माणूस कमी पडला, म्हणून भाजीची पिशवी घेऊन रस्त्याने चाललेल्या इगोर साहेबांना धरून आणून मिड-ऑनला उभं केलं होतं. तरण्याबांड विद्याधरने आयुष्यातला पहिला फटका मारला तो उंच गेला, थेट साहेबांच्या टाळक्यावर. साहेबांनी चेंडू येताना पाहिला, मोठ्या अदबीने बाजूला सरकून त्याला जागा करून दिली आणि तो जमिनीवर टेकल्यावर पिशवी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. “खराशो.” म्हणजे छान.

त्या दिवसापासून समोरच्या संघाचं नाव ‘रशिया’ पडलं. पुढे रशियन आपल्या देशी गेले, त्यांचा तो देशसुद्धा आधीसारखा राहिला नाही, पण सेक्टर सहातला रशिया शाबूत राहिला. आज त्या संघात साहू आहेत, रेड्डी आहेत, दोन बॅनर्जी आणि एक सरदारजी आहेत. तरी जानेवारी आला की मराठी घराघरांतून “औंदा रशियाले सोडायचं नाही” अशी भाषा सुरू होते, आणि सामन्याला लहानथोर सगळे ‘इंटरनॅशनल’च म्हणतात.

या इंटरनॅशनलमध्ये मंडळाची सलामी तेव्हापासून विद्याधररावांकडे होती. मधे केस पिकले, गुडघे बोलू लागले, हाताखाली शिकलेली पोरं नोकरीसाठी पुण्याला गेली; सलामी हलली नाही. भिलाईत याला ‘रिटेन्शन’ म्हणतात. नोकरी संपली तरी माणूस कंपनीचं क्वार्टर ताब्यात ठेवतो, अर्ज करतो, मुदत वाढवून घेतो, अंगणातल्या पेरूच्या झाडाचं कारण सांगतो. विद्याधररावांनी क्वार्टरही तसंच ठेवलं होतं आणि सलामीही.

आता एक गोष्ट वाचकांच्या कानात सांगायला हरकत नाही, कारण सेक्टरात ती कोणालाच ठाऊक नव्हती. विद्याधररावांना चेंडू दिसत नव्हता. गोलंदाजाचा हात वर गेलेला दिसे. मग नंदिनीच्या खाणीकडे जाणारी बस निलगिरीच्या झाडांमागे जाते तसा चेंडू कुठेसा जाई आणि एकदम पॅडपाशी उतरे. यावर त्यांनी उपाय काढला होता. चेंडू कसाही असो, डावा पाय पुढे टाकायचा, त्याला लागून बॅट उभी करायची आणि मान खाली घालायची. बघणारे म्हणत, “याले म्हणतात टेक्निक. आजकालच्या पोट्ट्यांले हे जमते का?” विद्याधरराव नम्रपणे हसत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते जात नव्हते. सकाळचा पेपर गेल्या वर्षापासून सुमेधाबाईच मोठ्याने वाचत. का ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि यांनी विचारलं नव्हतं.

मग सरळ बाजूला का होत नव्हते, असं कोणी म्हणेल. तर निवृत्तीचा अनुभव त्यांच्या पदरी एकदा होता. रेल मिलमधून ते फोरमन म्हणून सुटले. हार झाले, शाल झाली, सजवलेल्या जीपमधून बँड लावून लोकांनी घरी आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल सवयीने गेटवर गेली. रोज सलाम ठोकणारा गार्ड जरा आडवा झाला आणि अगदी आदराने म्हणाला, “किससे मिलना है, साहब?” त्या प्रश्नाचं उत्तर न देता विद्याधरराव परत आले आणि पुढचे सहा महिने ते घरातही कोणाशी धड बोलले नाहीत. आता साऱ्या भिलाईत एकच दार उरलं होतं, जिथे त्यांना कोणाला भेटायचंय हे कोणी विचारत नव्हतं. ते दार वर्षातून एकदा उघडे, पण उघडे.

एवढी जोखमीची गोष्ट पोटात असताना माणसाने गप्प बसावं की नाही? पण विद्याधररावांना दुसऱ्याची निवृत्ती फार कळे.

त्या हिवाळ्यात देशाचा एक थोर आणि उतारवयाचा फलंदाज ओळीने लवकर बाद होत होता. टीव्हीवर तो परतताना दिसला की विद्याधरराव खुर्चीतून उठत. “अरे, किती दिवस? मान आहे तोवर निघा ना बाप्पा. नजर गेली, पाय हलत नाही, आणि जागा अडवून राहिला.”

सुमेधाबाई मेथी निवडत असत. त्या एकदा नवऱ्याकडे बघत, एकदा मेथीकडे, आणि मेथीच निवडत.

हेच मत सकाळी मार्केटातल्या चहाच्या टपरीवर मांडून झालं. तिथे टाळ्या पडल्या. टाळ्या हे वाईट व्यसन. विद्याधररावांना वाटलं, नुसतं बोलून काय होतं, मंडळाच्या सभेत ठराव करून क्रिकेट बोर्डालाच पाठवावा. मंडळाचे सचिव देवेंद्र पोहनकर. हे प्लांटच्या पर्सोनेल खात्यात होते आणि माणसं कागदोपत्री निवृत्त करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी मसुदा पाहिला आणि चष्मा पुसला.

“भुसारीजी, ठरावात व्यक्तीचं नाव येत नाही. पॉलिसी करावी लागते. सर्वांना समान.”

“करा ना मग समान,” विद्याधरराव उदारपणे म्हणाले.

झालं. ‘इंटरनॅशनल खेळणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ खेळाडूने, नजर व पाय साथ देत नसल्यास, स्वतः होऊन सन्मानाने बाजूला व्हावे’ असा ठराव विद्याधररावांनी भरसभेत खड्या आवाजात मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. मग शेवटच्या रांगेतून राधाबाई डोर्लीकर उठल्या. महिला शाखेच्या सर्वांत जुन्या अध्यक्षा; त्यांचा आवाज सभेत सहसा चहा थंड असल्याबद्दलच येई.

“ठराव चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “पण दुसऱ्याच्या अंगणात झाडू माराच्या पहिले आपलं अंगण पाहा लागते ना भाऊ? आपल्या म्याचले बी लागू करा. मग पाठवा बोर्डाले.”

सगळ्यांनी एकाच वेळी दुसरीकडे कुठेतरी पाहिलं. देवेंद्रनी लिहून घेतलं.

पुढचे पंधरा दिवस विद्याधररावांच्या घरी पाहुण्यांची रीघ लागली. आपल्या लोकांची एक रीत आहे. थोरल्या माणसाला तोंडावर “आता पुरे” असं कोणी म्हणत नाही. ते पाप. त्याच्याकडे जायचं, पोहे खायचे, हवापाण्याचं बोलायचं आणि त्याच्या पायाशी एखादी गोष्ट सोडून यायची. उचलायची त्याने.

देवेंद्र आले आणि ज्येष्ठांच्या योगवर्गाचं कौतुक करून गेले. मंडळाचे कायमचे अंपायर कृष्णराव निमजे आले. ते ऐंशीला टेकलेले, वर्ध्याकडचे, आणि खुर्चीत बसूनच अंपायरिंग करणारे.

“आमच्या गावी एक बैल होता,” कृष्णरावांनी सुरुवात केली.

“बरं.”

“लय गुणी. शंकरपटाच्या शर्यतीत पहिला. मग वय झालं. मालकानं त्याले कामातून काढलं, झूल घातली, गोठ्यात बसून ढेप खाऊ घातली. मान पाहा कसा.”

“मग कितीक जगला?”

कृष्णराव अडखळले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. “मेला लवकरच,” ते पडेल आवाजात म्हणाले. “पण मानानं मेला.”

विद्याधररावांनी पोह्यांची बशी त्यांच्या हातातून काढून घेतली.

सगळ्यांचं जाताना एक ठरलेलं. फाटकापाशी थांबायचं आणि हळूच सुमेधाबाईंना म्हणायचं, “वहिनी, तुम्ही जरा सांगून पाहा.” सुमेधाबाईंचंही उत्तर ठरलेलं. “तुमचं तुम्ही पाहा भाऊजी. मले क्रिकेट समजत नाही.” आणि आत येऊन त्या भांडी घासताना जात्यावरच्या चालीत काहीबाही गुणगुणत. माहेर आर्वीचं, ओवी त्यांना श्वासासारखी येई.

*पहिली माझी ओवी गं, बॅटीच्या दांड्याला,*
*घरधनी जातो माझा उन्हात भांडायाला.*

*दुसरी माझी ओवी गं, अंपायर दादाला,*
*बोट वर केलं त्यानं, पेटला वादाला.*

“तुमी बी त्यायच्याच बाजूच्या,” विद्याधरराव दारातून म्हणत.

“मी भांड्याच्या बाजूची,” त्या म्हणत.

चहूकडून कोंडी झाल्यावर विद्याधररावांना एकदम वाट दिसली. बाबुलाल. रशियाचा सलामीचा गोलंदाज बाबुलाल साहू. ब्लास्ट फर्नेसमध्ये नोकरी केलेला, उंच, वाळलेल्या आंब्याच्या फांदीसारखा. पहिल्या इंटरनॅशनलपासून पहिला चेंडू त्याने टाकायचा आणि याने खेळायचा, असा शिरस्ता होता. हा मराठीत बोले, तो छत्तीसगढीत बोले आणि इतक्या वर्षांत एकाला दुसऱ्याचं कळलं नाही असं कधी झालं नव्हतं. ठराव जर ज्येष्ठांना लागू, तर बाबुलाल काय शाळकरी आहे?

विद्याधररावांनी हा मुद्दा टपरीवर मांडला. बाबुलालने बशीतला चहा शांतपणे संपवला.

“ठराव काकर हे?”

“मंडळाचा.”

“मैं मंडळ मा हौं का? मैं तो रशिया मा हौं.” बाबुलालने बशी पालथी घातली. “तोर देश के कानून मोर देश मा नइ चलय, भुसारी भाई.”

कायद्याने हे बिनतोड होतं. मग दोन्ही संघांची संयुक्त समिती नेमणं आलं. समितीने आधी प्लांटचा साधा नियम लावून पाहिला: ज्याचं वय जास्त तो आधी जाईल. इथे घोळ झाला. दोघांच्याही शाळांमधल्या गुरुजींनी, त्या काळच्या गुरुजींच्या सोयीप्रमाणे, त्यांना एक जुलैला जन्माला घातलं होतं, आणि तेही एकाच साली. प्लांटमधूनही ते एकाच दिवशी सुटले होते. दोन जीपा दोन दिशांना गेल्या होत्या. “तर मग दोघांलेही संगच काढा,” अशी सूचना आली. देवेंद्रनी ती फेटाळली.

“सत्काराची जीप ठरवून झाली आहे,” ते म्हणाले. “जीप एकच आहे. एका वर्षी एकच माणूस जाईल.”

“दोघं बसतील ना तिच्यात.”

“हार एका माणसाच्या मापानं सांगितले आहेत.”

अखेर समितीने असा तोडगा काढला, की पहिली ओव्हर रिवाजाप्रमाणे बाबुलालने विद्याधररावांना टाकावी. त्या सहा चेंडूंत भुसारी बाद झाले तर जीप त्यांची. टिकले तर साहूंची. जो राहील तो पुढच्या वर्षी खेळेल आणि त्याच्याबद्दल कोणी बैलाची गोष्ट सांगणार नाही. हे कलम विद्याधररावांनी खास घालून घेतलं.

सामन्याच्या सकाळी सगळे मैदानावर पोचले, तर मैदानभर मुलं पालथी पडून चित्रं काढत होती. देवेंद्रनी परवानगीचा अर्ज केला होता, पण हयातभराच्या सवयीने हात चालला आणि निरोप समारंभ म्हणून त्यांनी कम्युनिटी हॉल मागितला. हॉल मिळाला होता. तो रिकामा होता. मैदान मात्र चित्रकलेच्या स्पर्धेला गेलं होतं आणि तिथल्या बाईंनी सांगितलं, रंग वाळल्याशिवाय कोणी उठणार नाही. जानेवारीचं ऊन, त्यात कुठले लवकर वाळतात. दोन्ही देशांचे खेळाडू सीमारेषेवर उकिडवे बसून चित्रं वाळण्याची वाट पाहत राहिले. सरदारजींनी एका मुलीला हत्तीचे कान काढून दिले आणि स्पर्धेतून तिचं नाव कमी झालं.

ऊन डोक्यावर यायला लागलं तेव्हा कुठे खेळ सुरू झाला. विद्याधरराव पॅड बांधून, जाळीचं हेल्मेट घालून मधे आले. कृष्णराव खुर्चीत बसले. लांब प्लांटच्या चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता आणि त्याच बाजूने बाबुलाल धावत येणार होता. ‘धावत’ हा जुना शब्द झाला. तो आता आठवण आल्यासारखा येई.

पहिला चेंडू. हात वर गेला, चेंडू निलगिरीमागे गेला. विद्याधररावांनी पाय टाकला, बॅट उभी केली, मान घातली. काहीच लागलं नाही. चेंडू बराच बाहेरून, दुसऱ्या स्लिपच्या पोटाजवळून गेला होता. “सोडला,” मंडळाचे लोक म्हणाले. “काय जजमेंट आहे.” कृष्णरावांनी वाइड दिला. दुसराही वाइड गेला. मग एक पॅडवर बसला. रशियाने एका सुरात अपील केलं. कृष्णराव त्या वेळी चहा घेत होते. त्यांनी कप वर धरला, पण बोट धरलं नाही. मग एक बॅटला लागला. तो आवाज इतका गोड होता, की विद्याधररावांना क्षणभर आपल्याला दिसलं असंच वाटलं. पुढचे दोन पुन्हा पॅडवर आले आणि तिथेच थबकले. चार चेंडू झाले. दोन उरले. दोन निभले की वर्ष निभलं.

आणि तेवढ्यात बँड वाजला.

झेंडूंनी मढवलेली जीप मैदानात शिरली. तिच्यामागे लाल कोट घातलेला बँड आणि बँडपुढे त्यांचा मास्तर कवडू. देवेंद्र आडवे धावले.

“अरे, आत्ता नाही. अजून ठरलं नाही कोण ते.”

“साहेब, आमाले जामुलले बारात आहे,” कवडू क्लॅरिनेट काखेत मारून म्हणाला. “तुमी सकाळचा टाइम देल्ता. आता न्याचं असन तर न्या, नाई तर नवरदेव पायी जाईन.”

या पेचावर समितीची बैठक व्हायला हवी होती. पण बँड वाजला की माणसाचे पाय समितीला विचारत नाहीत. जीप थेट पिचजवळ आली होती आणि पॅड बांधलेला, उन्हात एकटा उभा असलेला, नेमका सत्कारमूर्तीसारखा दिसणारा एकच इसम तिथे होता. चार पोरांनी विद्याधररावांना उचलून जीपमध्ये चढवलं. हार एका माणसाच्या मापाचा होता, पण हेल्मेटच्या मापाचा नव्हता. तो जाळीत अडकला आणि त्यांच्या तोंडासमोर झेंडूचा पडदा पडला. ते आतून काहीतरी ओरडत होते. लोकांना वाटलं, गहिवरले.

“मी आऊट नाही,” ते म्हणत होते. “मले उतरवा. मी आऊट नाही.”

“जीपमधून मधेच उतरत नसतात भुसारीजी,” देवेंद्र शेजारी चढून म्हणाले. “घराच्या दारीच उतरायचं. मधे उतरणं अपशकुन. आजवर प्लांटमध्ये कोणी उतरलं नाही.”

मिरवणूक निघाली. सेक्टरच्या सरळ रस्त्यांवरून, एकसारख्या क्वार्टरांमधून, बॅट हातात धरलेले विद्याधर भुसारी उभ्या जन्मात दुसऱ्यांदा निवृत्त होत चालले. लोक गच्चीवरून नमस्कार करत होते. एका अनोळखी बाईंनी डोळ्यांना पदर लावला. आणि या सगळ्याच्या मागून, सायकलवर, एका हातात हँडल आणि एका हातात चेंडू घेऊन बाबुलाल येत होता.

“ओवर पूरा नइ होय हे,” तो प्रत्येक चौकात सांगत होता. “दू बॉल बाँचे हे.” त्याच्यामागे रशियाचे खेळाडू तिन्ही स्टंप घेऊन चालले होते आणि त्यांच्या मागे एका स्कूटरवर कृष्णराव, खुर्चीसकट.

घरापुढे सुमेधाबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या. जो कोणी जीपमधून येईल त्याला ओवाळायचं, एवढंच त्यांना सांगितलेलं. बँडने शेवटची सलामी वाजवली आणि तो जामुलच्या दिशेने पळाला. एकदम शांत झालं. विद्याधरराव उतरले, तोंडावरचा झेंडू बाजूला केला आणि बायकोकडे न बघता कृष्णरावांकडे बघितलं.

कृष्णरावांनी खुर्ची रस्त्यात मांडली. “ओव्हर पुरी झाल्याशिवाय निकाल नाही,” ते म्हणाले. बैलाच्या गोष्टीचं थोडं प्रायश्चित्त त्यात असावं.

मग गल्लीतच डाव मांडला. स्टंप सुमेधाबाईंच्या तुळशीशेजारच्या तीन कुंड्यांत खोचले. कुंड्या ओळीत आल्या, फाटकासमोर. बाबुलाल गल्लीच्या टोकाच्या राधाबाईंच्या घराकडून निघाला. हात वर गेला. विद्याधररावांनी पाय टाकला, बॅट उभी केली, मान घातली. चेंडू पेरूच्या झाडात गेला, दोन पानं आणि एक कच्चा पेरू घेऊन खाली आला.

“वाइड द्यायचा का?” कोणीतरी विचारलं.

“दोघायचंही वय पाहा,” कृष्णराव म्हणाले. “मोजा.”

एक उरला. गल्लीतली कुत्रीसुद्धा बसली. सुमेधाबाईंच्या ताटातला कापूर संपत आला होता, त्यांनी दुसरी वडी टाकली. बाबुलाल चेंडू घेऊन माघारी गेला, वळला, निघाला, आणि निम्म्या वाटेत थांबला. मग धावण्याचं सोडून तो साध्या चालीने पुढे आला. लोकांना वाटलं, पिच ठोकायला आला असेल, किंवा भांडायला. विद्याधरराव दोन पावलं पुढे गेले. इतकी वर्षं हे दोघे एकमेकांना बावीस यार्डांवरून बघत आले होते. टपरीवर भेटत, पण तिथे नजर बशीत असे; इतक्या जवळून, उन्हात, तोंडासमोर तोंड असं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. बाबुलालच्या उजव्या डोळ्यात दुधाची साय धरावी तसं पांढरं काही होतं.

“एक बात हे, भुसारी भाई,” बाबुलाल दबक्या आवाजात म्हणाला. “कोनो ला झन बताबे. मोला तोर स्टंप नइ दिखय. दू साल होगे. तोर पॅड सफेद हे न, ओला देख के फेंक देथौं.” त्याने चेंडू शर्टाला पुसला, जणू दोष चेंडूचा होता. “तोर सेती नइ छोड़ेंव. मैं चल देहूँ त तोला कोन फेंकही? ए बॉल घलो नइ लागय, तैं डर झन. जीप मोला भेज दे.”

म्हणजे दोन वर्षं हा स्टंप न दिसता नुसत्या पांढऱ्या पॅडकडे बघून टाकत होता, आणि खेळ सोडला नव्हता तो केवळ भुसारींना टाकायला मागे कोणी उरणार नाही म्हणून. विद्याधरराव बॅटवर रेलून उभे राहिले.

आता काही करायचं नव्हतं. गप्प बसायचं होतं फक्त. शेवटचा चेंडू पेरूत जाईल, नाही तर राधाबाईंच्या ओसरीत जाईल. कृष्णराव ओव्हर पुरी झाल्याचं सांगतील. झेंडूचा हार जाळीतून सुटून बाबुलालच्या गळ्यात पडेल, जीप परत फिरेल आणि पुढच्या जानेवारीत मंडळाची सलामी भुसारींकडेच असेल. समितीचं कलम होतं, कोणी चकार शब्द काढला नसता. जिंकायला इतकं थोडं करावं लागतं हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. गाल आतून हसायला लागले होते, ते त्यांनी आवरले.

“काय चाललं तिकडे?” देवेंद्र ओरडले. “जीपवाल्याले बी घाई आहे.”

सुमेधाबाई ताट घेऊन फाटकातून दोन पावलं बाहेर आल्या आणि थांबल्या. नवरा काहीतरी ठरवत असताना त्याची मान कशी जराशी डावीकडे कलते, हे साऱ्या गल्लीत त्यांना एकट्यांना माहीत होतं. त्यांनी कापरावर हाताचा आडोसा धरला आणि वाट पाहिली.

बाबुलाल वळला. राधाबाईंच्या घराकडे, आपल्या खुणेकडे चालू लागला. चालताना त्याने पायाने रस्ता चाचपून पाहिला, एकदा, मग पुन्हा.

“बाबुलाल,” विद्याधररावांनी हाक मारली. आवाज दबका नव्हता. फोरमनचा होता, मिलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा; गच्चीवरच्यांना ऐकू गेला, जीपवाल्याला गेला, फाटकातल्या बाईलाही गेला. “अबे थांब. तुझा बॉल मले दिसतच नाही.”